रिकाम्या गाडीचं वजन

आष्टीत एक मुलगी होती. बी.कॉम. झालेली, एमएस-सीआयटी केलेली, वर टॅलीचा कोर्स. नोकरी तेवढी नव्हती.

बोधकथेत माणसांना नावं नसली तरी चालतं, गावाला मात्र असावं. तर ही बीड जिल्ह्यातली आष्टी. कागदोपत्री बीडची, पण पाय नगरकडं वळलेले. मोठा दवाखाना नगरला, लग्नाचा बस्ता नगरला, पिनकोडसुद्धा नगरच्या 414नं सुरू होणारा. रेल्वे येणार, रेल्वे येणार असं ऐकत इथल्या पिढ्या म्हाताऱ्या झाल्या; ती 23 सप्टेंबर 2022 ला एकदाची आली, नगरपासून आष्टीपर्यंत 66 किलोमीटर. बाकी पाऊस बेताचा आणि शेती त्याच्या भरवशावर. दसरा झाला की तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवरनं ऊसतोडीच्या टोळ्या सांगली-कोल्हापूरकडं, कर्नाटकाकडं निघतात. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि हंगामभर ती फेडत राहायची.

मुलीचे आईवडील कोयत्यावरच जायचे. ती आजीपाशी राहून शिकली. 2023 साली पदवी हातात पडली आणि त्याच पावसाळ्यात आईचं कंबरेचं दुखणं वाढलं. अर्ध्या कोयत्याला कुणी विचारत नाही. मग पोरगी वडिलांबरोबर गेली. 2023-24 चा हंगाम गेला, 2024-25 चाही गेला. 2025 च्या उन्हाळ्यात टोळी परत आली तेव्हा आई म्हणाली, "आता बास. एवढं शिकलीस ते कशाला? नोकरी बघ."

नोकरी बघायची म्हणजे आधी बायोडाटा काढायचा, आणि बायोडाटा काढायचा म्हणजे झेरॉक्सच्या दुकानात जायचं.

आपल्याकडच्या पोरांना फॉर्म भरता येतो, अर्ज लिहिता येत नाही. पहाटे मैदानावर 1600 मीटर पळणारी पोरं पोलीस भरतीचा फॉर्म झोपेतही बिनचूक भरतील, कारण फॉर्माला रकाने असतात. प्रवर्ग कोणता, दहावीला टक्के किती, नॉन-क्रिमीलेअर आहे का. रकाना विचारतो, आपण सांगायचं. खासगी कंपनी कोरा कागद मागते. कोऱ्या कागदावर स्वतःबद्दल काय लिहायचं हे शाळेनं शिकवलेलं नसतं, कॉलेजनंही नसतं. आणि घरी तर स्वतःबद्दल बोलणं म्हणजे फुशारकी. शेवटी हे काम झेरॉक्सवाल्याच्या गळ्यात पडतं. त्या बिचाऱ्याच्या कॉम्प्युटरवर एक फाईल असते. तिच्यातलं नाव बदलायचं, नंबर बदलायचा, प्रिंट काढायची. लग्नाचे बायोडाटेही त्याच फाईलवर निघतात.

मुलीला मिळालेला कागद दोन पानी होता. निळ्या नक्षीची चौकट, वर गणपती. गणपतीखाली इंग्रजीत लिहिलेलं, की नामांकित संस्थेत आव्हानात्मक पद मिळवून संस्थेची आणि स्वतःची प्रगती साधणं हे माझं ध्येय आहे. मग गुण: मेहनती, प्रामाणिक, जिद्दी, सकारात्मक दृष्टिकोन, सर्वांशी मिळूनमिसळून काम करण्याची क्षमता. छंद: वाचन, संगीत ऐकणे, क्रिकेट खेळणे. मग उंची पाच फूट दोन इंच, वर्ण गव्हाळ, रक्तगट बी पॉझिटिव्ह. तळाला वरील माहिती सत्य असल्याची ग्वाही, आणि स्थळ: जामखेड. क्रिकेट आणि जामखेड ही आदल्या गिऱ्हाइकाची शिल्लक.

"2023 पासून आतापर्यंतचं काय टाकू?" झेरॉक्सवाल्यानं विचारलं होतं.

मुलगी गप्प राहिली.

"टॅलीचा दोन वर्षांचा अनुभव टाकतो. कोण बघायला बसलंय?"

"नको," ती म्हणाली. "काहीच नका टाकू."

खोटं लिहिलं नाही हे चांगलंच केलं. पण खरंही लिहिलं नाही.

तो कागद तिनं मोबाईलवर फोटो काढून दिसेल तिथं पाठवला. नगरच्या एमआयडीसीत, सुप्याला, रांजणगावला, दोन पतसंस्थांना, एका गाड्यांच्या शोरूमला. जाहिरात कसलीही असो, कागद तोच. कुठूनच काही आलं नाही. चुलतभावाची तर आणखीच मजा झाली. त्यानं त्याच दुकानातून काढलेल्या बायोडाट्यात 'इंग्रजी: अस्खलित' असं होतं. त्याला एका ठिकाणी बोलावणं आलं. साहेबांनी पहिलाच प्रश्न इंग्रजीत विचारला. भाऊ म्हणाला, "आँ?" आणि मुलाखत संपली. घरी येऊन त्यानं जाहीर केलं की सगळं वशिल्यावर असतं.

वशिला नसतो असं मी म्हणणार नाही. पण या दोन कागदांची वाट वशिल्यानं अडवलेली नव्हती.

त्यांच्या गल्लीत एक निवृत्त काटा-क्लार्क राहायचे. उभी हयात साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेलेली, म्हणून सगळे त्यांना काटेवाले अण्णा म्हणायचे. अण्णांनी जन्मात बायोडाटा लिहिला नव्हता. कारखान्यात कसे लागलात असं कुणी विचारलं की ते नुसते हसायचे. मुलगी त्यांच्याकडं बायोडाट्यासाठी गेलीच नव्हती. उरलेल्या प्रतींच्या कोऱ्या बाजूवर ती त्यांच्या नातवाला भागाकार घालून देत होती. अण्णांनी सहज कागद उलटा केला.

"हे काय गं?"

"बायोडाटा, अण्णा. नोकरीचा."

"कुणाचा?"

"माझाच."

अण्णांनी चष्मा चढवला. वरपासून खालपर्यंत वाचलं, मग पुन्हा वर जाऊन नाव वाचलं. "तुझा होय? मला वाटलं, कुणाचाही."

मुलगी जरा दुखावली. अण्णांना ते कळलं, पण ते थांबणारे नव्हते. नातवाच्या दप्तरातला लाल पेन त्यांनी काढून घेतला.

"काट्यावर ट्रॅक्टर आला की आधी भरलेला तोलायचा. ऊस उतरवून परत आला की रिकामा तोलायचा. भरलेल्यातनं रिकामा वजा केला की राहतो तो माल. कारखाना पैसे कशाचे देतो?"

"मालाचे."

"ट्रॉलीला रंग लावलेला असो, झेंडू बांधलेला असो, त्याचं वजन गाडीत धरतात. आता ही तुझी भरलेली गाडी. यातलं जे मला दुसऱ्या कुणाच्याही कागदात जसंच्या तसं टाकता येईल, ते सगळं रिकाम्या गाडीचं वजन. ते वजा करू. मग बघू माल किती भरतो."

आणि त्यांनी रेघा ओढायला सुरुवात केली. ध्येय गेलं. जिद्दी गेलं. मेहनती या शब्दावर पेन थोडा थांबला. "भर थंडीत रात्री दोनला उठून ट्रॉली भरणारीनंही मेहनती लिहायचं आन् नऊला उठणाऱ्यानंही मेहनती लिहायचं. वाचणाऱ्यानं वळखायचं कसं?" प्रामाणिक गेलं. "हे तर चोर पयलं लिहितो." उंची, वर्ण, रक्तगट यांवर एकच आडवी रेघ. "हे पाहुणे बघायला येतील तेव्हा." जन्मवेळ, धर्म, जात, अविवाहित. "यातलं मालाला काय लागतंय?" वाचन आणि संगीत गेलं, क्रिकेट तर हसत गेलं. गणपतीपाशी मात्र त्यांनी कागद कपाळाला लावला आणि मगच रेघ मारली.

शेवटी काय उरलं? नाव, पत्ता, मोबाईल नंबर, आधार नंबर, बी.कॉम. 61 टक्के, एमएस-सीआयटी, टॅली.

अण्णांनी पत्ता वाचला. 'रा. आष्टी.' "कोणती आष्टी? वर्ध्याकडं एक आहे, तालुक्याचं गाव. एक जालन्यात परतूरकडं. सोलापूरकडं मोहोळ तालुक्यात एक, जिथं बापू गोखले पडले. गडचिरोलीतही आहे म्हणतात. नगरचा साहेब तुला वर्ध्याची समजला, तर म्हणेल एवढ्या लांबनं कशाला येतीय." तिनं शेजारी लिहिलं: ता. आष्टी, जि. बीड, 414203.

"आन् हा नंबर कुणाचा?"

"बाबांचा."

"ते उचलतात फोन?"

मुलगी जरा ओशाळली. "अनोळखी नंबर उचलत नाहीत. उचल मागायला मुकादमाची माणसं वेगवेगळ्या नंबरावरनं लावतात म्हणून."

वडिलांचा फोन मागवला. न उचललेल्या फोनांच्या यादीत 0241नं सुरू होणारे दोन नंबर निघाले. 0241 म्हणजे नगर. कधीचे होते, कुणाचे होते, आता कळायला मार्ग नव्हता. मुलगी त्या दोन नंबरांकडं बराच वेळ बघत बसली.

"हे झालं ते झालं," अण्णा म्हणाले. "आता माल बोल. दोन वर्षं काय केलंस?"

"काही नाही. कोयता."

"टोळी किती कोयत्यांची?"

"बारा."

"पावत्या कोण सांभाळायचं?"

"मीच. बाकीच्यांना नीट वाचता येत नव्हतं."

अण्णांनी पेन खाली ठेवला. पावती हा त्यांचा प्रांत. मग त्यांनी खोदून खोदून विचारलं आणि तिनं सांगितलं. गाडी काट्यावरनं आली की ड्रायव्हरकडून पावती घ्यायची. तिच्यावर गाडी नंबर, भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ वजन. संध्याकाळी चुली पेटल्या की बायका तिच्या कोपीपुढं येऊन बसायच्या, "आज किती झालं गं?" मग ती वहीत दिवसाचं टनेज बारांत वाटायची, कुणाचा खाडा असेल तर तो वेगळा धरायची. प्रत्येक कोयत्याची उचल, मधे घेतलेला किराणा, दवाखान्याला दिलेले पैसे, सगळ्याची वेगळी पानं. 2024 च्या जानेवारीत तोडणीचा दर टनाला 273 वरनं 366 रुपये झाला तेव्हा आधीच्या टनेजाचा फरक तिनंच काढला होता. पहिल्या हंगामाच्या शेवटी मुकादमाच्या वहीशी ताळा घातला तर 17 टनांची एक पावती त्याच्या वहीत चढलीच नव्हती. सहा हजार दोनशे बावीस रुपये. तिनं पिशवीतनं पावती काढून पुढं ठेवली. मुकादमानं आधी आवाज चढवला, मग पावती वाचली, मग पैसे दिले. आणि दुसऱ्या हंगामात त्यानं आपली वहीच तिच्या हातात दिली. ती वही तिनं मोबाईलवर एक्सेलमध्ये घातली.

अण्णांनी पुन्हा दोन पानी कागद हातात घेतला. "मग हे यात कुठंय?"

"कोयता कसा लिहायचा, अण्णा?"

हा प्रश्न एकट्या तिचा नाही. माल असतो, पण तो दाखवायची लाज वाटते आणि त्या जागी भाड्यानं आणलेले शब्द मांडले जातात. बापाच्या टपरीवर आठ वर्षं गल्ला सांभाळलेला पोरगा 'अनुभव: नाही' असं लिहितो. आपल्याच देशातला एक जुना अर्ज या बाबतीत बघण्यासारखा आहे. 16 जानेवारी 1913 ला श्रीनिवास रामानुजन यांनी मद्रासहून केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांना पत्र लिहिलं. सुरुवातीलाच सांगून टाकलं, की मी पोर्ट ट्रस्टच्या हिशोब खात्यात कारकून आहे, पगार वर्षाला 20 पौंड, विद्यापीठाचं शिक्षण नाही. लपवलं काहीच नाही. पण पत्रासोबत पानंच्या पानं गणितं जोडली होती. त्याआधी केंब्रिजमधल्याच दोघा गणितज्ञांनी त्यांची दखल घेतली नव्हती. हार्डींनी ती पानं वाचली आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे. (वय मात्र त्या पत्रात सुमारे 23 असं आहे, तेव्हा त्यांना पंचविसावं सरलेलं होतं. तेवढं कुणी गिरवू नये.)

अण्णांना हार्डी माहीत नव्हते. ते एवढंच म्हणाले, "पोरी, कागदात गुण लिहायचे नसतात, काम लिहायचं असतं. गुण वाचणारा काढून घेतो."

लिहायला बसल्यावर तिनं पहिल्यांदा शिक्षण लिहिलं, मग कोर्स, मग अगदी तळाला बारीक अक्षरात 'शेतमजुरी'. अण्णांनी ते वर आणायला लावलं. अलीकडचं आधी, जुनं नंतर, आणि दहावीच्या टक्क्यांना शेवटची ओळ पुरे. मग तिनं लिहिलं, 'सुमारे 300 पावत्यांची नोंद'. अण्णा म्हणाले, "सुमारे कशाला? पावत्या आहेत ना?" पावत्या घरी होत्या, साखरेच्या पिशवीत, रबर लावून. मोजल्या तर 287 भरल्या. शेवटी कागदावर आलं ते असं:

'ऑक्टोबर 2023 ते एप्रिल 2025, दोन हंगाम. 12 कोयत्यांच्या ऊसतोड टोळीत तोडणीचं काम आणि टोळीचा पूर्ण हिशोब. 287 वजनपावत्यांची नोंद आणि जुळणी. 24 मजुरांची हजेरी, उचल आणि कपात. दुसऱ्या हंगामात सर्व नोंदी एक्सेलमध्ये. हिशोबातून सुटलेली 17 टनांची पावती शोधून टोळीला 6,222 रुपये मिळवून दिले.'

एवढंच. मेहनती कुठं लिहिलं नाही. प्रामाणिकही नाही.

घरी आईनं तो कागद पोरीकडून वाचून घेतला आणि तिचा चेहरा उतरला. "कोयता आख्ख्या जगाला सांगायचा होय गं? तुला स्थळं यायला लागलीत. आम्ही राबलो ते तुझ्या कागदावर यावं म्हणून?"

आईचं चुकीचं नव्हतं. ज्या कामानं कंबर मोडली ते पोरीच्या नावापुढं दिसू नये असं कोणत्या आईला वाटणार नाही? वडील तेवढं म्हणाले, "सहा हजार दोनशे बावीस. त्या दिवशी टोळीतली माणसं मला म्हणली होती, पोरगी शिकवली ते बरं केलंस." आई त्यावर काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी तिनं पावत्यांची पिशवी पत्र्याच्या पेटीत, कुलपात ठेवली.

पुढचं सगळं किरकोळ, पण किरकोळातच पोरं अडतात म्हणून सांगतो. कॉलेजात काढलेल्या ईमेलमध्ये 'क्वीन' होतं, ते सोडून स्वतःच्या नावाचा साधा ईमेल काढला. वाकडा फोटो काढून पाठवण्याऐवजी पीडीएफ केली आणि फाईलला 'फायनल न्यू 2' असं नाव न देता आपलं आणि पदाचं नाव दिलं. दोन पानांचं एक पान झालं. आधार नंबर काढून टाकला. तो अनोळखी माणसाला देत फिरायची वस्तू नव्हे. नंबर स्वतःचा टाकला. मेलमध्ये पाहिजे त्या पदाचं नाव आणि तीनच ओळी लिहिल्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, एकच कागद सगळीकडं फिरवायचं बंद केलं. पतसंस्थेला पाठवताना उचल, कपात आणि येणी-देणी वर आणली. सुप्याच्या एमआयडीसीतल्या कारखान्याला स्टोअर असिस्टंट पाहिजे होता, मालाची आवक-जावक आणि वजनपावत्या जुळवण्यासाठी. तिथं पावत्यांची ओळ सगळ्यांत वर गेली. जाहिरात समोर ठेवायची, त्यांना काय पाहिजे त्यावर खूण करायची आणि आपल्याकडं ते असेल तर आधी तेच सांगायचं. नसेल तर नाही म्हणायचं. टॅलीपुढं तिनं 'कोर्स केला आहे, प्रत्यक्ष काम केलेलं नाही' असं लिहिलं. झेरॉक्सवाला म्हणाला, "असं कुणी लिहितं का?" तरी त्यानं प्रिंट काढून दिली.

सुप्याच्या कारखान्यानं ओळखीच्या दोन माणसांची नावं मागितली होती. एक कॉलेजातले सर. दुसरं कुणाचं द्यावं? अण्णा म्हणाले, "मुकादमाचं." मुलगी चमकली. पण विचारून यायला गेली, कारण न विचारता कुणाचं नाव देऊ नये. मुकादम आधी बिचकला. "कंपनीत? माझं नाव? कशापायी?" मग समजल्यावर म्हणाला, "दे. पण फोन कधी येणार ते सांग, मी रेंजमध्ये थांबतो."

पतसंस्थेनं बोलावलं आणि नाही म्हणून सांगितलं. त्यांना वसुलीला फिरणारं, दुचाकीचं लायसन असलेलं माणूस पाहिजे होतं. शोरूमवाल्यांचं उत्तर आलंच नाही. सुप्याहून फोन आला. यावेळी तो उचलला गेला.

ती एसटीनं नगरला आणि तिथनं पुढं पुणे रस्त्यानं सुप्याला गेली. स्टोअरच्या साहेबांनी घरदार काही विचारलं नाही. टेबलावर चारपाच वजनपावत्या टाकल्या आणि म्हणाले, "बघा." तिनं पाहिल्या. एकाच ट्रकच्या दोन पावत्यांत रिकामं वजन तीनशे किलोनं वेगळं होतं. तिनं विचारलं, "हा ट्रक रिकामा तोलताना एकदा ताडपत्री-साखळदंड वर होता का? की डिझेलचा फरक? एवढा फरक डिझेलनं नाही पडायचा." साहेबांनी पावत्या परत घेतल्या आणि मुकादमाला फोन लावला. मुकादम तिकडनं म्हणाला, "साहेब, पोरगी सतरा टनाला सोडत नाही. एवढंच सांगतो."

सहा महिन्यांच्या कच्च्या नोकरीवर घेतलं. रुजू होताना ऑफिसातल्या बाईंनी तिची फाईल उघडली, तर निळ्या नक्षीच्या चौकटीतला जुना कागदही कॉम्प्युटरवर निघाला. महिन्यापूर्वी याच कंपनीला तिनं तो पाठवला होता. तो कुणी उघडलेला नव्हता.

आता ती सुप्याला दोन मैत्रिणींबरोबर खोली करून राहते. चुलतभावानं 'अस्खलित' काढून 'इंग्रजी वाचता येतं, बोलायला शिकतोय' असं लिहिलंय. त्याचं अजून जमायचंय. झेरॉक्सवाल्यानं फाईल बदललेली नाही, पण पोरं आली की तो म्हणतो, आधी अण्णांकडं जाऊन या. अण्णांच्या ओट्यावर संध्याकाळी दोघंतिघं असतात, आणि नातवाचे लाल पेन लवकर संपतात.

सगळ्या गल्ल्यांत काटेवाले अण्णा नसतात. पण निवृत्त शिक्षक असतात, ग्रामसेवक असतात, बँकेत आणि पोस्टात आयुष्य काढलेली माणसं असतात. तुम्ही त्यांतले असाल तर शेजारच्या पोरीनं किंवा पोरानं बायोडाटा दाखवला की त्यातलं इंग्रजी दुरुस्त करत बसू नका. आधी विचारा: दोन वर्षं काय केलंस, किती केलंस, हिशोब कुणी ठेवला? आणि हे दसऱ्याच्या आत विचारा. दसऱ्यानंतर टोळ्या निघतात.